हॅलिफॅक्सची वचने : काही महिन्यांच्या वापरानंतर

पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेले हे पुस्तक अजून कपाटात गेलेले नाही, कारण ते सलग वाचून संपवण्याचे नाहीच. चोडण-रायबंदर फेरीबोटीच्या एका खेपेत चार-पाच वचने वाचून पुस्तक मिटावे, एवढेच त्याचे योग्य प्रमाण. एका बैठकीत वीस पाने वाचली की चतुराईचाच वीट येतो.

जॉर्ज सॅव्हिल, लॉर्ड हॅलिफॅक्स (१६३३–१६९५) हा इंग्लंडच्या तीन राजांच्या दरबारात वावरलेला मुत्सद्दी. राजकारण, नीती आणि मनुष्यस्वभाव यांवरची त्याची टिपणे मृत्यूनंतर, १७५० साली छापली गेली. घोडा चोरला म्हणून फाशी देत नाहीत, घोडे चोरीला जाऊ नयेत म्हणून देतात, हे त्यांतले गाजलेले वाक्य. रोजच्या उपयोगाला मला मात्र दुसरेच आले: रागाजवळ कारण नेहमी असते, चांगले कारण क्वचितच. ग्रामसभेला जाताना हे वाचून जावे.

नाव एका बाजूला कलू लागली की दुसऱ्या बाजूला सरकून तोल सांभाळणाऱ्या माणसाची बाजू घेणारा त्याचा निबंध याच खंडात आहे आणि गोव्यातल्या वाचकाने तो प्रथम वाचावा. वरवर पाहता हे पक्षांतराचे समर्थनच वाटते. २०१९ च्या जुलैत काँग्रेसचे १५ पैकी १० आमदार भाजपात गेले; २०२२ च्या जानेवारीत काँग्रेसच्या उमेदवारांनी मंदिर, क्रूस आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी निष्ठेच्या शपथा घेतल्या आणि सप्टेंबरात निवडून आलेल्या ११ पैकी ८ जण गेले. दोन-तृतीयांश आमदार एकत्र गेले की अपात्रता टळते, हा घटनेच्या दहाव्या परिशिष्टातला, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यातला, हिशेब दोन्ही वेळा चोख जुळला. कायद्यांना वाचा असती तर त्यांनी पहिली तक्रार वकिलांविरुद्ध केली असती, हे हॅलिफॅक्सचे वचन अशा वेळी आठवते.

पण तो स्वतः सरकत असे तो हलक्या बाजूला. राजा दुसरा चार्ल्स याचा कॅथलिक भाऊ जेम्स याला वारसाहक्कातून वगळणारे विधेयक १६८० मध्ये सरदारांच्या सभागृहात ६३ विरुद्ध ३० मतांनी फेटाळले गेले, त्यात त्याच्या भाषणांचा मोठा वाटा होता. पुढे हाच जेम्स राजा झाला आणि कॅथलिकांना सरकारी पदांपासून दूर ठेवणारा टेस्ट कायदा रद्द करण्याला साथ दिली नाही म्हणून १६८५ मध्ये त्याने हॅलिफॅक्सलाच पदावरून काढले. आमच्याकडची बहुतेक मंडळी बोट आधीच ज्या बाजूला कलली आहे तिकडेच धावते.

उणिवाही आहेत. मुलीला केलेल्या उपदेशात नवऱ्याचे दोष निमूट सोसण्याची जी शिकवण आहे, ती आज वाचवत नाही. दोष तो अचूक दाखवतो, उपाय मात्र फारसे सुचवत नाही. माझ्या प्रतीची बांधणी दमट हवेत सुटली, आणि विषयसूची नसल्यामुळे हवे ते वचन वेळेवर सापडत नाही. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने मीच एक सूची केली आहे. तिच्यात ‘पक्ष’ या नोंदीपुढे पानांचे आकडे आता दुसऱ्या ओळीत गेले आहेत.