फोनचं बटण बोटाशिवाय दाबायचं: रिले, ४०६६ की पीसी८१७?

विहिरीवर लाइट आली की स्टार्टरच्या पेटीत ठेवलेल्या जुन्या बटणांच्या फोनने घरी मिस्ड कॉल द्यायचा, एवढंच काम. स्पीड डायलला नंबर लावून २ चं बटण दीड-दोन सेकंद दाबून धरलं की झालं. (कीपॅडचं ऑटोलॉक आधी बंद करा, नाहीतर सर्किटवर उगाच संशय घेत बसाल.) लाइट आली की चालू होणाऱ्या ५ व्होल्टच्या सर्किटने हे बटण दाबायचं; बोटाच्या जागी काय बसवायचं, तेवढं ठरवायचं.

आधी रिलेच सुचतो, म्हणजे विजेवर चालणारा, आत धातूचे पॉइंट असलेला स्विच. वायरी कशाही जोडा, चालतो. पण १० अँपिअरच्या रिलेचे पॉइंट मोठ्या करंटसाठी घडवलेले. कीपॅडच्या किरकोळ करंटने ठिणगी पडत नाही, त्यामुळे पॉइंटवर धरलेला थर जळून जात नाही. दमट पेटीत काही काळाने रिले टक् वाजतो, फोन मात्र ढिम्म. रीड रिले (काचेच्या नळीत बंद पॉइंटचा) याबाबतीत बरा, पण महाग.

खरी निवड उरते ४०६६ (इलेक्ट्रॉनिक स्विचची चिप) आणि पीसी८१७ (ऑप्टोकपलर: आतला एलईडी पेटला की त्याच्या उजेडाने समोरचा ट्रान्झिस्टर बटणासारखा जोडला जातो, दोघांत वायर नाही) यांच्यात. ४०६६ च्या एका चिपमध्ये चार स्विच, दोन्ही दिशांनी चालणारे. कीपॅडची बटणं आडव्या (रो) आणि उभ्या (कॉलम) वायरींच्या जाळीत असतात; बटणाची कुठली बाजू रो, कुठली कॉलम हे शोधायला नको. टेबलावर सुरेख चालतो. मात्र फोनचा आणि सर्किटचा ग्राउंड एक करावा लागतो, आणि गोची होते ती लाइट गेल्यावर. सर्किट मेलेलं, फोन बॅटरीवर जिवंत. कीपॅडच्या लाइनवरचं व्होल्टेज चिपच्या आतल्या संरक्षक डायोडमधून तिच्या पुरवठ्याच्या पिनवर चढतं, चिप अर्धवट जागी होते आणि फोनला वाटतं, कोणीतरी बटण धरून बसलंय. स्क्रीन पेटलेली राहते, बॅटरी उतरते, एखादवेळी अपरात्री कॉलही जातो. चिपला फोनच्याच बॅटरीवर घेऊन कंट्रोल पिनांना १०० किलोओहमचे पुल-डाउन (पिन ग्राउंडकडे ओढून धरणारे रेझिस्टन्स) लावले तर हे आवरतं. पण मग ३.७ व्होल्टवरच्या चिपला सर्किटचे ५ व्होल्ट सोसत नाहीत, म्हणून मधे आणखी रेझिस्टन्स. एका बटणासाठी हा खटाटोप मला तरी जास्त वाटतो.

पीसी८१७ चा पुरवठा गेला की तो मुकाट्याने उघडा राहतो. ग्राउंड जोडायचा नसल्याने स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरचा (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचचा) विजेचा गोंधळही फोनपर्यंत फारसा पोचत नाही. एलईडीला ५ व्होल्टवर ३३० ओहम, म्हणजे साधारण ११ मिलिअँपिअर. कटकट एकच, दिशेची: पिन ४ जास्त व्होल्टेजच्या पॅडला, पिन ३ कमीच्या. मीटर कधी चकवतो. फोन दाद देत नसेल तर वायरींची अदलाबदल करा. तरीही नाही, तर दोन पीसी८१७ च्या ३-४ पिना एकमेकांना उलट्या जोडा.

बटणांखालच्या धातूच्या टिकल्यांचा (डोमचा) स्टिकर त्या बटणापुरताच सोला. मधला ठिपका आणि बाहेरची कडी, दोन्हींना वाइंडिंगची बारीक तार. टोकाचं इनॅमल खरवडून आधी त्यावर सोल्डर चढवा; पॅडवर सोल्डरिंगची इस्त्री दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकली तर पॅडच उचलून येतो. वर हॉट ग्लूचा थेंब हवाच, तार ओढली गेली तरी तेच होतं. फोन चालू-बंद करायचं लाल बटण बहुधा या जाळीत नसतं, थेट ग्राउंडला जातं. तिथे पिन ३ ग्राउंडला.