आठ वेटचा फ्लाय रॉड: दहा महिने सांगलीत, सहा दिवस मालदीवच्या फ्लॅटवर (वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव)

मंडळी, हा रिव्ह्यू रॉडचा म्हणून लिहायला घेतला होता पण निम्मा लिहून झाल्यावर लक्षात आलं की रॉडबद्दल सांगण्यासारखं फार काही नाहीच. नऊ फुटी, चार तुकड्यांचा, आठ वेटचा रॉड, सोबत रील, लाइन म्हणजे फेकायची दोरी, आणि बॅकिंग म्हणजे तिच्या मागं रीलवर गुंडाळलेला जादा बारीक दोरा, असा कॉम्बो गेल्या पाडव्याला मागवला, कस्टम ड्यूटी आणि कुरिअर धरून ३८ हजाराला पडला, वर्षभरात मोडला नाही, टोकाच्या एका कड्याला गंज धरलाय तेवढाच. चांगला आहे. पण माझी ट्रिप निम्मी वाया गेली ती रॉडमुळं नाही आणि उरलेली निम्मी वसूल झाली तीही रॉडमुळं नाही, म्हणून सगळंच सांगतो.

मी सांगलीचा, हळदीच्या अडत दुकानात हिशोब बघतो, लहानपणापासून कृष्णेला गळ टाकत आलोय. फ्लाय फिशिंग म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, की आपल्या गळाला शिसं बांधून फेकतो तसं इथं नसतं, इथं वजन दोरीतच असतं, ‘वेट’ म्हणजे त्या वजनाचा नंबर, आठ वेटच्या लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन २१० ग्रेन म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास, आणि पुढची माशी म्हणजे पिसं-दोऱ्याची नुसती फुंकर. दोरी पुढं-मागं झुलवून सोडायची आणि माशी तिच्या मागं फरफटत जाते. फ्लॅट म्हणजे बेटाच्या कडेचं गुडघाभर पाण्याचं पांढऱ्या वाळूचं, प्रवाळाचं पठार, तिथं भरतीबरोबर मासा चरायला वर चढतो, तो डोळ्यानं शोधायचा, मग त्याच्या पुढ्यात माशी टाकायची. गळ टाकून तंबाखू मळत बसायचा धंदा नाही हा.

पहिली चूक एप्रिलातच कळली. कॉम्बोबरोबर आलेली लाइन थंड पाण्यातली निघाली. खोक्यावर कुठंही ठळक लिहिलेलं नव्हतं, विकणाऱ्याला फोनवर दोनदा विचारलं तर म्हणे ‘सर, ऑल पर्पज आहे’. सांगलीत एप्रिलला पारा ४० ला टेकला की ती लाइन उकडलेल्या शेवयांसारखी व्हायची, हाताला चिकटायची, रॉडच्या कड्यातून सरकायचीच नाही, मी आठ दिवस आपलंच चुकतंय म्हणून स्वतःला शिव्या देत होतो. वरचं कोटिंग आणि आतला दोरा उष्णतेत मऊ पडतो म्हणून तसं होतं. ट्रॉपिकल लाइन वेगळी मिळते, तिचा दोरा आणि कोटिंग दोन्ही कडक असतं, ती घेतली, आणखी ११ हजार गेले. तीच लाइन डिसेंबरात पहाटे काढली तर तारेसारखी वेटोळी घेऊन पडते, दोन्हीकडनं ओढून ताणावी लागते. पण समुद्रावर जिथं पाणीच २८-३० डिग्री असतं तिथं तिनं एकदाही त्रास दिला नाही. तेव्हा पैसे मोजके असतील तर रॉड स्वस्तातला घ्या पण लाइन हीच घ्या.

सराव विश्रामबागला एका मोकळ्या मैदानात. माशीच्या जागी लोकरीचा तुकडा बांधायचा, ४० फुटांवर सायकलची जुनी ट्यूब टाकायची आणि त्यात लोकर पडली पाहिजे. तेही वाऱ्याच्या तोंडावर, कारण मालदीवच्या आमच्या गाइडनं मेलमध्ये लिहिलेलं की लांब फेकता येतं का हे मला सांगू नका, वाऱ्याविरुद्ध ४० फूट दोन झोक्यात टाकता येतं का ते सांगा. जून-जुलैला आपल्याकडं पश्चिमेचा वारा मैदानावर असा सुटतो की छत्री उलटी होते, तो मला फुकटचा मास्तर मिळाला. पुतण्याला मागं कट्ट्यावर बसवायचो, बोटीचं नाक म्हणजे बारा वाजले असं धरायचं आणि त्यानं ओरडायचं, ‘काका, दहा वाजता, चाळीस फूट!’ की तीन-चार सेकंदात तिकडं लोकर गेली पाहिजे. फिरायला येणाऱ्या एक मावशी रोज थांबायच्या, आठवडाभरानं त्यांनी विचारलं, ‘पतंग उडंना व्हय ओ?’

नदीत उतरून सराव करावा वाटेल पण करू नका, कृष्णेत मगरी आहेत हे भिलवडी-औदुंबरकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको. मी तासगावजवळ मित्राच्या द्राक्षबागेतल्या शेततळ्यावर जायचो. चिलापी माशीला मस्त येते, दहा-बारा काढल्या, आणि एकदा मागचा झोका खाली गेला तो हुक सरळ तळ्याच्या प्लास्टिकच्या कागदात. मित्र काही बोलला नाही, फक्त पाण्याकडं बघत उभा राहिला. कागदाला पॅच मारायचे पैसे मी दिले. त्या दिवसापासून हुकाची बारीक उलटी नांगी पक्कडनं दाबून टाकायला लागलो, ती तशीही समुद्रावर दाबायचीच असते, मासा सोडायला सोपा जातो आणि स्वतःच्या कानात घुसला तर निघतो तरी.

माश्या बऱ्याचशा घरी बांधल्या. क्रेझी चार्ली नावाची एक प्रसिद्ध माशी आहे, बहामाजमधल्या आंद्रोस बेटावर १९७७ साली बोनफिश नावाच्या फ्लॅटवरच्या रुपेरी माशासाठी बांधली गेली, चार्ली स्मिथ नावाच्या गाइडवरून तिचं नाव पडलं. तिचे डोळे म्हणजे बारीक मण्यांची साखळी, बेसिनच्या बुचाला असते ना तसलीच, गणपती पेठेत मीटरवर मिळाली. डोळ्याच्या वजनानं हुक पाण्यात उलटा, टोक वर करून चालतो त्यामुळं तळाला अडकत नाही. चमकीसाठी बहिणीच्या जुन्या राख्या उसवल्या. हुक मात्र खाऱ्या पाण्याचेच घ्या, मी काही साधे वापरले ते दुसऱ्या दिवशी तांबडे.

आता प्लॅनिंग, आणि खरं रडगाणं इथंच आहे. आम्ही दोघं मित्र, एका एजंटामार्फत दक्षिण मालदीवची सहा दिवसांची ट्रिप ठरवली, राहायला बोट, सोबत गाइड. सीझन बरोबर निवडला, डिसेंबर ते एप्रिल तिकडं ईशान्येचा मोसम असतो, पाऊस कमी, आभाळ उघडं. भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही, फक्त प्रवासाच्या आधी ९६ तासांच्या आत ऑनलाइन डिक्लरेशन भरायचं, जाताना एकदा आणि निघताना एकदा. तारखा मात्र मी कशा ठरवल्या? तर नवी हळद जोरात सुरू व्हायच्या आधी शेठजी सुट्टी देतील तेव्हा आणि विमान स्वस्त असेल तेव्हा. जानेवारीचा शेवट. भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं, त्यात तिथी छापलेली, रोज दुकानात मी तिथीच बघतो, आणि हे बघायचं सुचलं नाही.

रत्नागिरीचा मावसभाऊ निघायच्या आदल्या रात्री फोनवर म्हणाला, ‘अरे सप्तमीला कशाला जातोस, भांगाची भरती ती.’ कोकणात हिशोब सोपा आहे, पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं खूप उतरतं, अष्टमीच्या आसपास भांग, पाणी जेमतेम हलतं. तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची वेळ, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा वेळेचा गुणाकार कोकण किनाऱ्याचा, मालदीवला चालत नाही, तिथला तक्ता वेगळा काढावा लागतो आणि त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागं. पण उधाण-भांग चंद्रावर, ते सगळीकडं सारखंच. त्यात मालदीवला भरती-ओहोटीतला फरक मुळातच कमी, उधाणाला मीटरभराच्या आसपास, म्हणजे भांगाला काय उरणार. आणि भांगाचा जोर अष्टमीनंतर एक-दोन दिवस तसाच रेंगाळतो.

झालं तसंच. पहिले तीन दिवस पाणी धड चढेना, धड उतरेना. मासा फ्लॅटच्या कडेला, खोल निळ्यापाशी घुटमळायचा, वर खेकडे खायला येईना. गाइड मालदीवचाच, चाळिशीचा, कमी बोलणारा, दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं तारखा कुणी ठरवल्या. मी म्हटलं मी. तो म्हणाला एजंटानं त्याला विचारलंच नव्हतं. तेव्हा पैसे भरायच्या आधी गाइडशी स्वतः बोला, एजंट मध्ये असला तरी. दिवसातले किती तास फ्लॅटवर आणि किती नुसते बोटीच्या प्रवासात, एका गाइडमागं माणसं किती, वारा फिरला तर दुसरी जागा आहे का, जिथं नेणार तिथली परवानगी आहे का, सगळं लेखी. आम्हाला सांगितलेल्या आकड्यात टॅक्स आणि आतल्या विमानाचं भाडं नव्हतं, ते मालेला उतरल्यावर कळलं, डॉलरमध्ये. आणि एजंटानं पाठवलेले जीटीचे फोटो, म्हणजे जायंट ट्रेव्हली, खोल समुद्रात साध्या जाड रॉडनं काढलेल्या माशांचे निघाले, फ्लॅटचे नव्हेत. त्या माशाला आठ वेट चालतच नाही, १२ वेट लागतो आणि पुढं १०० पौंडाच्या वरचा लीडर, म्हणजे लाइन आणि माशी यांच्यामधला दोरा.

चौथ्या दिवसापासून, दशमीला, पाणी सुधारलं. ११ वाजता ऊन डोक्यावर, पाण्यात उतरलो, पाय उचलून टाकायचे नाहीत, घासत घासत न्यायचे, कारण वाळूत पाकट बसलेलं असतं, पाय घासला की ते निघून जातं, वर पडला तर काटा मारतं. गाइड म्हणाला दहा वाजता, चाळीस फूट. मला पुतण्याचाच आवाज ऐकू आला. पिवळ्या काठाचा ट्रिगरफिश होता, डोकं खाली खुपसून खेकडा उकरत होता आणि शेपूट पाण्याच्या वर हलत होतं. माशी दोन फुटांवर पडली, त्यानं वळून घेतली, आणि मी काय केलं तर जन्मभराच्या सवयीनं रॉड वर झटकला, कृष्णेवर गळ झटकतो तसा. मासा गेला. गाइड ओरडला ‘नो ट्राउट!’ अहो मी ट्राउट, म्हणजे थंड नद्यांतला तो मासा, आयुष्यात बघितलेला नाही, पण गोऱ्या लोकांना ती सवय ट्राउटची लागते म्हणे. इथं रॉड खालीच ठेवून डाव्या हातानं लाइन सरळ मागं ओढायची, हुक रुतला की मगच रॉड वर. शेततळ्यावर चिलापी झटक्यानंच काढल्या होत्या, दहा महिने चुकीची सवय पक्की केली की नाही बघा! दुसरा ट्रिगर बरोबर लागला तर सरळ प्रवाळातल्या बिळात शिरला, आणि त्याचे दात असे की हुक वाकडा होऊन परत आला.

हातात आले ते चार ब्लूफिन ट्रेव्हली, सगळ्यात मोठा माझ्या कोपरापासून बोटापर्यंत, आणि त्यानं पहिल्या धावेत अख्खी लाइन आणि वर बॅकिंग काढून नेलं. रीलचा आवाज अजून कानात आहे. बोनफिश एकदाच लांबून दिसले, सावली हलल्यागत, म्हणेपर्यंत नाहीत. सगळे मासे हात ओला करून पाण्यातच सोडले, घरी आई म्हणाली, ‘सोडायचाच हुता तर धरलास कशाला?’, याला माझ्याकडं उत्तर नाही.

बाकी सामान. चष्मा पोलराइज्डच हवा, नाहीतर पाण्यावरच्या चकाकीत काहीच दिसत नाही. मी सांगलीतल्या चष्म्याच्या दुकानातनं नंबरचा, तपकिरी काचेचा करून घेतला, काळ्या काचेचा मित्राकडं होता, त्याला मासे दाखवून दाखवून गाइडचं बोट दुखलं. बूट ऑनलाइन घेतले होते ते दुसऱ्याच दिवशी तळ सोडून तोंड वासून बसले, दोरीनं बांधून चालवले. बूट अगोदर घरी पाण्यात भिजवून चालून बघा. बोटाला चिकटपट्टी गुंडाळा, लाइन सुटताना कापते आणि त्यात खारं पाणी. गुडघ्यामागं सनस्क्रीन लावायचं राहिलं, दोन रात्री पालथा झोपलो. रॉडची नळी मुंबईला केबिनमध्ये घेऊ दिली पण एअरलाइनला आधी विचारलेलं बरं, हुक आणि पक्कड खालच्या बॅगेतच. रोज रात्री रॉड-रील गोड्या पाण्यानं धुवायचं, एक रात्र कंटाळा केला तर रीलचा ड्रॅगचा, म्हणजे ब्रेकचा, स्क्रू सकाळी फिरेना.

खाण्याचे हाल झाले नाहीत, सकाळी मस हुनी, म्हणजे कुपा मासा, ओला नारळ, कांदा, आणि बरोबर रोशी, ती आपली पोळीच समजा. मी सांगलीचं भडंग दोन किलो नेलेलं, चौथ्या दिवशी सापडेना, गाइडच्या डब्यात होतं.

पुढच्या वेळेला, शेठजींनी सोडलं तर, मार्चमधल्या पौर्णिमेच्या तीन दिवस आधी पोचायचं, कालनिर्णयावर लाल पेनानं गोल केलाय, शेठजींनी तो बघितला आणि पान उलटलं. रॉड विकणार नाही. ती थंड पाण्याची लाइन मात्र पडून आहे, फारशी वापरलेली नाही, हिमाचलकडं ट्राउटला वगैरे कुणी जाणार असेल तर फुकट घेऊन जावी, सांगलीत येऊन, एप्रिलच्या आत.