नेताना चौघे, आणताना दोघे

जुन्या लाकडी कपाटाला नवी पॉलिश करून देण्याच्या नावाखाली माझी जी फसवणूक झाली, ती मी येथे तपशिलाने लिहीत आहे. रक्कम फार मोठी नाही. मात्र ज्या रीतीने ही फसवणूक झाली, ती रीत कोणाच्याही घरात चालून जाण्यासारखी आहे, आणि रोज वर्गात मुलांना जमाखर्च शिकवणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षिकेलाही तीन महिने तिचा पत्ता लागला नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत आम्ही लातूरमधल्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. शोरूममधला तोच तो राखाडी सोफा आणि तेच ते चकचकीत टीव्ही युनिट घरात आणायचे नाही, हे माझे आधीपासून ठरलेले होते. दिवाणावर गावाकडची काळी घोंगडी, उशांना छत्रपती संभाजीनगरहून आणलेल्या हिमरूचे अभ्रे, कोपऱ्यात बीदरहून आणलेली बिदरीकामाची सुरई आणि या सगळ्याला शोभेल असे एक जुने सागवानी कपाट, असे चित्र माझ्या डोळ्यांसमोर होते. आमच्या भागात जुन्या लाकडाला तोटा नाही. आमचे मूळ गाव औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हापासून दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावरचे माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत, यांची लोकांना अशी धास्ती बसली की अनेकांनी धडधाकट वाडेसुद्धा उतरवून टाकले. त्या वाड्यांतल्या तुळया, खांब, चौकटी आणि कपाटे अजूनही कुठल्या ना कुठल्या गोदामातून बाहेर निघत असतात.

असेच एक कपाट मला जुने सामान विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे बावीस हजारांना मिळाले. हा व्यापारी सचोटीचा निघाला, हे आधीच सांगून टाकते, कारण सेकंडहँड म्हटले की सगळा संशय विकणाऱ्यावर जातो. कपाट दोन दारांचे होते. प्रत्येक दाराला दोन चौकोनी फळ्या, पाठीलाही फळ्याच, आत तीन कप्पे, आणि प्रत्येक फळी पाऊण इंच जाडीची. उजव्या दाराच्या खालच्या फळीवर आठ आण्याच्या नाण्याएवढी एक काळसर गाठ होती. डाव्या दाराच्या आतल्या बाजूला कोणीतरी पेन्सिलीने हिशेब मांडला होता: ज्वारी १४ पोती, तूर ६, करडई ३, आणि खाली कोणाच्या तरी नावे उसने लावलेले दोन पायली गहू. खरे सांगायचे तर मी ते कपाट त्या हिशेबासाठीच घेतले. घरी आल्यावर बहिणीला दाखवण्यासाठी मी त्याचे सहा-सात फोटो काढले. पुढे उपयोगी पडले ते एवढेच.

लाकूड उत्तम असले तरी वरची पॉलिश काळवंडलेली आणि चिकट झाली होती. एका ओळखीच्या बाईंनी एका पॉलिशवाल्याचा नंबर दिला. तो घरी आला, कपाटाभोवती फिरला, आतून-बाहेरून बोटांनी टिचक्या मारून पाहिल्या आणि म्हणाला, "मॅडम, माल अस्सल आहे. असं सागवान आता मिळत नाही." आपल्या निवडीचे कौतुक ऐकून मी सुखावले. तो मात्र त्या वेळी आपल्या कामाच्या मालाची पारख करत होता, हे माझ्या ध्यानात आले नाही.

त्याने सोळा हजार पाचशे रुपयांत पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनची टिकाऊ पॉलिश ठरवली. काम घरीच करावे असे मी सुचवले, तर घासताना धूळ फार उडते, वासाचा त्रास होतो आणि पीयूला बंद खोली लागते, असे तो म्हणाला. यातले काहीच खोटे नव्हते, आणि म्हणूनच मला वाद घालता आला नाही. दहा हजार आगाऊ द्यायचे ठरले. पैसे ज्या खात्यात गेले ते त्याच्या मेहुण्याच्या नावावर होते. पावती मागितली तर "काम झाल्यावर एकदम बिल देतो" असे उत्तर मिळाले. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात टेम्पो आला. जिन्याच्या वळणावर कपाट अडकले, चार माणसे घामाघूम झाली आणि शेजारचे काका पाचवा हात लावायला धावले.

आठ दिवसांचे काम पाच आठवडे लांबले. मधल्या काळात एके दिवशी व्हॉट्सअॅपवर एक फोटो आला: लाकडाला पडलेली बारीक भोके आणि खाली साठलेला पिठासारखा भुसा. "मॅडम, आत भुंगा निघालाय. औषध मारून आतून रंग दिला नाही तर सगळं कपाट पोखरेल." या औषधाचे साडेचार हजार वेगळे. मी घाबरून पैसे पाठवले. सागवानाच्या पक्क्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही आणि लागलीच तर कडेच्या पांढऱ्या, कच्च्या भागाला लागते, हे मला तेव्हा कोणी सांगितले असते तर मी निदान कुठल्या फळीला भोके आहेत एवढे तरी विचारले असते. आता तो फोटो मोठा करून पाहिला की त्यातले लाकूड फिकट पिवळे आहे आणि माझ्या कपाटाशी त्याचा काहीच संबंध नाही, हे स्पष्ट दिसते. मी फक्त एवढेच बजावले होते की डाव्या दारावरचा पेन्सिलीचा हिशेब तेवढा पुसू नका. त्यावर त्याने हसरा चेहरा पाठवला होता.

एप्रिलच्या शेवटी कपाट परत आले. बाहेरून ते इतके देखणे दिसत होते की माझ्या डोळ्यांत पाणी आले. आतून सगळीकडे गडद चॉकलेटी रंग फासलेला होता आणि हिशेब नाहीसा झाला होता. किडीच्या औषधामुळे इलाज नव्हता, असे तो म्हणाला, आणि मी हळहळून गप्प बसले. आणखी एक गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत घडत होती. ज्या कपाटाला नेताना चौघे कमी पडले, ते दोन पोरांनी गप्पा मारत तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवले. "पोरं ताकदीची आहेत" असे मी स्वतःच म्हणाल्याचे मला आठवते.

जुलैत पावसाची झड लागली आणि उजव्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात, भाजलेल्या पापडासारखा, एक फुगवटा आला. नख घातले तर कागदाएवढा पातळ पापुद्रा सुटून आला आणि आत पांढुरके, भुसभुशीत प्लायवूड दिसले. मी फोनमधला जुना फोटो काढून समोर धरला. ती गाठ कुठेच नव्हती. उलट दोन्ही दारांच्या फळ्यांवरच्या रेषा आरशात पाहावे तशा एकसारख्या होत्या, आणि वेगवेगळ्या कापलेल्या फळ्या सहसा अशा जुळ्या निघत नाहीत.

आमच्या गल्लीतल्या वयस्कर मिस्त्रींना मी बोलावले. त्यांनी कपाट भिंतीपासून ओढले, पटाशीच्या टोकाने आतला रंग खरवडला आणि मला खाली वाकून पाहायला सांगितले. जुन्या कामात फळी दाराच्या चौकटीतल्या खाचेत बसवलेली असते आणि ती बाहेर काढायची तर चौकटीचे सांधे सोडावे लागतात. येथे आतल्या बाजूने खाचेची एक कड सरळ कापून टाकलेली होती, सागाच्या फळ्या काढून विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, लावलेले सहा मिलिमीटरचे प्लायवूड बसवले होते आणि वरून अर्ध्या इंचाच्या पट्ट्या बारीक खिळ्यांनी ठोकल्या होत्या. पाठीच्या फळ्या आणि तिन्ही कप्पे यांचेही तेच झाले होते. "ताई, हाडं तुमची हायेत, मास सगळं बदललंय बघा," असे म्हणून त्यांनी थिनरमध्ये बुडवलेला कापूस दाराच्या कडेला चोळला. पॉलिश लगेच चिकट होऊन कापसाला लागली. चांगली सुकलेली पीयू पॉलिश थिनरने अशी सुटत नाही. मला पीयूऐवजी साधी लॅकर, म्हणजे थिनरने सुटणारी पॉलिश, मारून दिली होती. थोडक्यात, पैसे पीयूचे गेले, न लागलेल्या किडीचेही गेले आणि माझे लाकूड तर फुकटच गेले. जुने, पुरते वाळलेले सागवान पुन्हा न वाकणारे म्हणून सुतारांना फार हवेसे असते आणि त्याचा भाव घनफुटावर होतो. कपाटाची मापे मिस्त्रींना सांगितली तेव्हा त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि आकडा मला सांगितला नाही.

यातून मला जे कळले ते असे की मालक सर्वांत जास्त खूश असतो तो चकाकी पाहताना, आणि तेव्हा तपासण्यासारखे काहीच उरलेले नसते. पाहण्याची खरी वेळ मधली असते: जुनी पॉलिश घासून काढल्यानंतर आणि नवा पहिला हात चढण्यापूर्वी. त्या दिवशी लाकूड उघडे असते, रेषा, गाठी आणि सांधे सगळे दिसतात, आणि कारागीर प्रामाणिक असेल तर तो आनंदाने दाखवतो. त्या दिवशी स्वतः जा. मधला हप्ता त्या भेटीनंतरच द्या. सामान घराबाहेर जाण्यापूर्वी सहाही बाजूंचे, आतल्या कप्प्यांचे आणि प्रत्येक गाठीचे फोटो दिवसाच्या उजेडात काढा, फळीच्या कडेवर पट्टी ठेवून जाडी दिसेल असाही एक फोटो घ्या, आणि नेणाऱ्याची त्या यादीवर सही घ्या. खिळ्याने एखादी खूण करून ठेवली तरी चालते, पण ती फक्त बिजागरीखाली किंवा पायाच्या तळाला नको, प्रत्येक फळीवर हवी, कारण माझ्या कपाटाचे पाय आणि चौकट अस्सलच परत आले होते. आतून रंग देण्याचा आग्रह कोणी धरला तर आधी कीड प्रत्यक्ष दाखवायला सांगा.

पॉलिशवाल्याला फोन केला तेव्हा त्याने आधी "तुमचं कपाट असंच होतं" असे सांगितले, फोटो पाठवल्यावर नंबर बंद केला, आणि त्याच्या गाळ्याला आता दुसऱ्याच कोणाचे कुलूप आहे. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला. पुढे एका वकीलबाईंनी समजावले की ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही. विश्वासाने सोपवलेली वस्तू बदलणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली गुन्हाही ठरू शकतो, म्हणून पोलीस ठाण्यात वेगळा अर्ज दिला. पावती नसल्याने माझी बाजू लंगडी आहे, पण यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सअॅपवरचे बोलणे आणि बहिणीला पाठवलेले ते फोटो तारखांसह शिल्लक आहेत. मेहुण्याच्या खात्याचा उलट उपयोग झाला. त्या नावावरून निदान नोटीस कोणाला पाठवायची ते कळले.

मिस्त्रींनी दारांमधले प्लायवूड काढून तेथे पितळी जाळी बसवून दिली आहे आणि तिच्यामागे मी उरलेले हिमरूचे कापड ताणून लावले आहे. येणारे लोक त्याची फार तारीफ करतात. पाठीला मात्र अजून प्लायच आहे, कारण सुनावणी होईपर्यंत तिला हात लावू नका असे वकीलबाईंनी बजावले आहे. आणि दारांतून काढलेले ते चार तुकडे जुन्या चादरीत गुंडाळून, वर तारीख लिहून, दिवाणाखाली ठेवले आहेत.