विधी सेवेतला मोफत वकील: बहिणीच्या केसचा अनुभव

मागच्या वर्षी धाकट्या बहिणीला घेऊन मुंबईतल्याच एका पोलीस ठाण्यात गेले (नाव लिहीत नाही), रात्रीचे साडेनऊ वाजलेले, तिच्या दंडावर बोटांचे वळ, आणि ड्युटीवरच्या साहेबांचा पहिला प्रश्न काय, तर "तुम्ही उलट काय बोललात?" दीड तास बाकावर बसवलं, मग "नवरा-बायकोचं आहे, मिटवून घ्या" म्हणत नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. त्यात वळांचा उल्लेखच नाही, मी अडून बसले तेव्हा कुठे एक ओळ वाढवली. सही करायच्या आधी कागद वाचाच, कितीही घाई करू देत. ठाण्याला एक स्टार, तोही त्या महिला कॉन्स्टेबलला, जी हिला पाणी देऊन हळूच म्हणाली, ताई, विधी सेवेत जा.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. 1987 च्या कायद्याने बाईला वकील फुकट मिळतो, तिची कमाई कितीही असो. बहीण नोकरी करते म्हणून आपल्याला नाहीच मिळणार असं आम्ही धरून चाललो होतो! साधा अर्ज दिला, आठवड्यात वकील मिळाल्या. त्यांनी आधी मला गप्प केलं, "तिला बोलू द्या." मग लग्नाचा अल्बम मागवला आणि फोटोत बघून बघून पाटल्या, मोहनमाळ, कानातले अशी स्त्रीधनाची यादी केली, हे आम्हाला सुचलंच नसतं. घर सासूच्या नावावर असलं तरी तिथे राहायचा हक्क मागता येतो हेही त्यांनीच सांगितलं. चार स्टार. एक कापला कारण फोन उचलत नाहीत.

कोर्टाचं मात्र काय बोलू. 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात लिहिलंय की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत द्यायची, आम्हाला पाच आठवड्यांनी मिळाली. आणि समोरचा वकील भर कोर्टात विचारतो, एवढं मारत होता तर सहा वर्षं राहिलात कशाला? आपल्या महाराष्ट्रातलीच मथुरा केस आठवली, 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला आणि 1978 मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन्ही पोलिसांना सोडलं, का तर अंगावर जखमा नाहीत. बायका रस्त्यावर उतरल्या तेव्हा 1983 ला कायदा बदलला. तिच्या अंगावर खुणा नव्हत्या म्हणून ती खोटी, माझ्या बहिणीच्या होत्या तर विचारतात तू काय बोललीस.

ज्यांना गरज आहे त्यांनी 15100 वर फोन करा, विधी सेवेचाच नंबर आहे. आणि एकटीला पाठवू नका. आमची पुढची तारीख सोमवारी आहे, मी रजा टाकलीये.