नवी एअरो ग्रॅव्हल की साधी हलकी? फुफाट्यातला हिशेब

खडी-मातीच्या रस्त्यांसाठीची, म्हणजे ग्रॅव्हल सायकल घ्यायची, तर वारा कापणारी नवी एअरो घ्यावी की साधी हलकी? कार्बनची चौकट, हायड्रोलिक ब्रेक, ट्यूबलेस टायर दोन्हीकडे आहेत, ते सोडून देऊ. एका बाजूला 2024 मध्ये आलेली ट्रेकची चेकमेट, किंवा त्या धाटणीची कुठलीही नवी एअरो रेस ग्रॅव्हल. दुसऱ्या बाजूला 2021 मध्ये नव्याने बेतलेली स्पेशलाइज्डची क्रक्स: गोल सीटपोस्ट (सीटचा दांडा), सुटा स्टेम (हँडल धरणारा तुकडा) आणि हँडलपासून डाउनट्यूबपर्यंत, म्हणजे चौकटीच्या खालच्या नळीपर्यंत, उघडे दिसणारे ब्रेकचे होज, म्हणजे तेलाच्या नळ्या.

वेगाचं म्हणाल तर साक्रीकडून ब्राह्मणवेलच्या पठारावर जाऊन या. पवनचक्क्या तिथे उगाच उभ्या नाहीत. तोंडावर वारा घेऊन तिशीच्या वेगात राहायचं तर एअरो चौकट आणि अरुंद हँडल पायांना कळतं. तोरणमाळच्या चढावर मात्र हलकी सायकल बरी वाटते. तिथेही गिअरचं गुणोत्तर वजनापेक्षा जास्त ठरवतं.

आरामात अंतर कमी आहे. चेकमेटचा आयसोस्पीड, म्हणजे चौकटीतली हादरे शोषणारी रचना, मागचे हादरे छान खातो. क्रक्सचा 27.2 मि.मी.चा सीटपोस्ट जितका चौकटीबाहेर, तितका वाकतो. खरा आराम टायरच्या हवेत असतो. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांवर 70 किलोच्या स्वाराने 45 मि.मी. टायरमध्ये पुढे 26, मागे 28 पीएसआय हवेच्या दाबापासून सुरुवात करावी. त्यावर पाच जास्त भरलं की कुठलीच चौकट वाचवत नाही. चेकमेटला 45 आणि क्रक्सला 47 मि.मी. टायर बसतो, पण हे कोरड्या रस्त्याचं माप. पावसात काळी माती टायर आणि चेनस्टेच्या (मागच्या चाकाशेजारच्या नळ्यांच्या) फटीत लिंपून चाक जाम करते. तेव्हा 38-40 चाच टायर ठेवा. बाभळीच्या काट्यांसाठी चाकागणिक 60 मिली सीलंट (भोक बुजवणारा द्रव) लागतं, आणि एप्रिल-मेच्या उन्हात ते लवकर वाळतं, म्हणून दर महिन्याला व्हॉल्व्हमधून तपासावं.

माझ्या लेखी निकाल लागतो तो हेडसेटपाशी, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या जोडीपाशी.

नव्या एअरो सायकलींत होज स्टेमखालून हेडसेटच्या वरच्या बेअरिंगमधून आत जातात. दिसायला सुबक. पण हँडलवरून ओघळणारा घाम आणि फुफाटा नेमका त्याच झाकणातून आत उतरतो, आणि वर वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप मारला की ग्रीस धुऊन जातं. बेअरिंग गेल्याची खूण सोपी: पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा, मधोमध आल्यावर ते खाचेत बसल्यासारखं अडकतं. उघड्या होजच्या सायकलीत स्टेम काढा, फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) खाली घ्या, बेअरिंग बदला. चार-पाच मि.मी.ची अ‍ॅलन की आणि अर्धा तास पुरतो. होज बेअरिंगमधून गेले असतील तर ते लिव्हरपासून सोडावे लागतात, नवी ऑलिव्ह आणि बार्ब (होजच्या टोकाचे जोड) घालावी लागते, मग दोन्ही ब्रेक ब्लीड करावे लागतात, म्हणजे तेलातली हवा काढावी लागते. शे-पाचशेच्या बेअरिंगसाठी अर्धा दिवस जातो, आणि ब्लीडिंग नीट करणारा हात जळगाव-धुळ्यात शोधावा लागतो, नाशिकला सहज मिळतो. हँडल आणि स्टेम एकसंध असतील तर स्टेम सेंटिमीटरभर बदलायलाही हाच खटाटोप. भुसावळहून रेल्वेने सायकल न्यायची झाली तरी आखूड होजमुळे हँडल बाजूला वळवून बांधता येत नाही.

म्हणून, बहुतेक सराव मुरमावर आणि गाडवाटेने होणार असेल, तर मी साध्या सायकलीकडे झुकेन. डांबर जास्त, वारा जास्त आणि ब्लीड किट घरात असेल, तर एअरोला नाही म्हणणं कठीण. तेव्हा हेडसेट दर उन्हाळ्याआधी उघडून ग्रीस भरण्याची तयारी ठेवा. किट घेताना ब्रेक बघा: शिमानोला मिनरल ऑइल, स्रॅमच्या बहुतेक रोड ब्रेकला डॉट द्रव. अदलाबदल झाली तर सील फुगतात आणि लिव्हर परत येत नाही.