डीव्हीआर: अकरा महिन्यांचा अनुभव आणि एक बटण सेल

साताऱ्यातील आमच्या चोवीस सदनिकांच्या सोसायटीत कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र, म्हणजे आठ चॅनेलचा डीव्हीआर, दोन मेगापिक्सेलचे सहा कॅमेरे आणि एक टीबीची हार्ड डिस्क बसवून अकरा महिने झाले. चित्र स्वच्छ आहे, पंख्याचा आवाज जाणवत नाही, आणि सहाव्या महिन्यात कोणी विचारले असते तर सचिव या नात्याने मी डोळे झाकून शिफारस केली असती.

विक्रेत्याने सांगितलेला 'महिनाभराचा साठा' तेवढा खोटा निघाला. 2048 केबीपीएस (सेकंदाला इतके किलोबिट) या बिटरेटवर एक कॅमेरा दिवसाला सुमारे 21 जीबी जागा खातो, म्हणजे सहा कॅमेऱ्यांत एक टीबी जेमतेम सात दिवस पुरते. एच.265 ही चित्रण अधिक दाबून साठवणारी पद्धत चालू करून बिटरेट निम्मा केल्यावर पंधरा दिवस मिळू लागले आणि तो विषय तिथेच संपला.

नवव्या महिन्यात गच्चीवरील टाक्यांचे दोन पितळी व्हॉल्व्ह एका रात्रीत गेले. मी निर्धास्तपणे चित्रण शोधायला बसलो, तर त्या आठवड्यातील एकाही तारखेवर खूण नव्हती. डिस्क बिघडली असे समजून मी तासभर विक्रेत्याला दूषणे दिली. मग सहज पडद्याच्या कोपऱ्याकडे लक्ष गेले, तर तिथे 01-01-2000 ही तारीख शांतपणे चालू होती.

वीज गेली की यंत्राचे घड्याळ मदरबोर्डवरील एका बटण सेलवर चालते, आणि आमचा सेल मेला होता. त्यामुळे प्रत्येक वेळी वीज परत आली की यंत्राच्या लेखी पुन्हा 1 जानेवारी 2000 ची मध्यरात्र उजाडत होती, आणि त्या एकाच तारखेच्या पोटात चार निरनिराळ्या दिवसांची चित्रणे एकावर एक साचली होती. चोरीच्या दिवशी देखभालीसाठी बंद केलेली वीज सायंकाळी 5.40 ला आली होती, हे पाण्याच्या पंपाच्या नोंदवहीवरून कळले. तो शून्य धरून मोजले असता, पडद्यावर 09:25 वाजता पोते घेऊन जिना उतरणारा इसम प्रत्यक्षात पहाटे 3.05 ला उतरला होता. चेहराही बऱ्यापैकी दिसतो.

खरी पंचाईत पुढे झाली. भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम 63 हे 1 जुलै 2024 पासून लागू झाले असून असे चित्रण पुरावा म्हणून देताना सोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि त्यात यंत्र त्या काळात नीट चालू होते असे लिहून सही करायची असते. पडद्यावर 2000 साल दिसत असताना ती सही करताना माझा हात अडखळला. जालना मतदारसंघाच्या 2014 च्या निवडणुकीवरून झालेल्या ज्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये जुन्या कायद्याखालील अशाच प्रमाणपत्राची सक्ती कायम केली, त्यातही कॅमेऱ्यांच्या चित्रणावरून ठरवायचे होते ते उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, एवढेच. घड्याळच खोटे असेल तर चित्र कितीही स्पष्ट असून काय उपयोग?

विक्रेत्याचा माणूस आठ दिवसांनी आला, झाकण न उघडताच 'मदरबोर्ड गेला' म्हणाला, विजेमुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही असे सांगून 3,800 रुपयांचा अंदाज दिला आणि भेटीचे 400 रुपयांचे बिल ठेवून गेला. तो गेल्यावर आमच्या इलेक्ट्रिशियनने चार स्क्रू काढून सेलला मीटर लावला. तीन व्होल्टच्या सेलवर 1.1 व्होल्ट दिसले. सीआर2032 हा सेल कोपऱ्यावरच्या दुकानात 40 रुपयांना मिळाला, आणि नशिबाने तो खाचेत बसवलेला होता, डाख दिलेला नव्हता.

इथवर सारा दोष यंत्राचा, असेच माझे मत होते. नंतर सेटिंग चाळताना लक्षात आले की इंटरनेट जोडलेले असते तर एनटीपी या नेटवरून वेळ जुळवणाऱ्या सोयीमार्फत घड्याळ आपोआप लागले असते, आणि 'वर्षाला सहा हजार कशाला' म्हणून सभेत इंटरनेटला विरोध करणारा मीच होतो. लहान यूपीएसही मीच यादीतून वगळला होता. तरीही जो सेल काही वर्षे चालायला हवा तो नऊ महिन्यांत संपावा, याचा अर्थ यंत्र बराच काळ गोदामात पडून असावे असा माझा संशय आहे.

म्हणून घेताना चॅनेल आणि मेगापिक्सेल मोजण्याआधी दुकानातच वेळ लावून घ्या, वायर काढून तासभर थांबा आणि पुन्हा जोडून घड्याळ पाहा. दुकानदार वैतागेल, वैतागू द्या. सेल खाचेत आहे की डाख दिलेला, हेही विचारा.

नवा सेल टाकल्यावर घड्याळ शाबूत आहे, पण महिन्याला पाऊण मिनिट पुढे पळते, म्हणून दर एक तारखेला मी ते मोबाइलशी जुळवून पंपाच्याच वहीत फरक लिहून ठेवतो. यूपीएस आता घेतला आहे, इंटरनेट नाही. सेलची 40 रुपयांची पावती खर्चात टाकली आहे, पण भेटीचे 400 रुपये मी अद्याप मंजूर केलेले नाहीत.