शो-कारसाठी मिळणारी स्पॉन्सरशिप: कोणती ऑफर घ्यावी, कोणती सोडावी

प्रदर्शनात मांडण्यासाठी सजवलेल्या गाडीचे, म्हणजे शो-कारचे, दोन-चार चांगले फोटो टाकले की ‘ब्रँड अ‍ॅम्बॅसेडर व्हा’ असे मेसेज सुरू होतात. उघडून पाहिलं तर २० टक्के सवलतीचा कोड आणि गाडीवर लावायचे स्टिकर. ही स्पॉन्सरशिप नव्हे, गिऱ्हाइकी आहे. तोच माल सेलमध्ये त्याच भावात मिळत असेल, तर सरळ नाही म्हणावं.

डीलरच्या खरेदीभावात पार्ट देणारी ऑफर मात्र पहिल्या बिल्डसाठी (पहिल्यांदाच अशी गाडी घडवताना) उत्तम. फुकट पार्ट बहुधा आधीच्या गाड्या गाजलेल्यांनाच मिळतात, रोख रक्कम त्याहून दुर्मीळ. आणि फुकट म्हणजे फक्त पार्ट. वाहतूक, सीमाशुल्क, फिटिंग, ट्यूनिंग बहुतेक वेळा मालकाच्याच खिशातून जातं.

प्रस्ताव दोन पानांत बसवा: गाडीची आजची अवस्था, काम संपण्याची तारीख, नक्की झालेले शो, पार्ट नंबरसह यादी आणि बदल्यात काय देणार ते. ‘जे द्याल ते चालेल’ असं लिहिलेला अर्ज कोणी पुढे वाचत नाही. चाकं मागताना १८×९.५ (इंचांत व्यास आणि रुंदी), ईटी ३५ (ऑफसेट, म्हणजे चाकाच्या मध्यरेषेपासून बसण्याच्या पृष्ठभागाचं मिलिमीटरमधलं अंतर), पीसीडी ५×११४.३ (बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा मिलिमीटरमधला व्यास) एवढ्यावर थांबू नका. सेंटर बोअर (चाकाच्या मधल्या भोकाचा व्यास) कळवा, मोठे ब्रेक असतील तर कॅलिपरची (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाची) बाहेरची बाजूही मोजून द्या. ऑफसेट बरोबर असूनही स्पोक कॅलिपरला घासतो, आणि एकदा टायर चढवलं की चाक सहसा बदलून मिळत नाही.

शोच्या निदान सहा महिने आधी बोलणी सुरू करा. वाइडबॉडी किट (गाडी रुंद करणारे बाहेरचे पॅनेल) रंगाआधी बसवून पाहावं लागतं, तेही अंतिम चाकांवर. चाकं लांबली की रंगकामाची तारीख हुकते. लास वेगासच्या सेमा शोसारख्या, गाड्यांच्या पार्टच्या व्यापारी प्रदर्शनात तर गाडी प्रदर्शक कंपनीमार्फतच आत जाते, तिथे फुकट पार्टपेक्षा जागेची लेखी हमी मोलाची.

स्टिकरचा मजकूर, माप, जागा करारातच ठरवा. ताज्या रंगातून सॉल्व्हंट (रंगातला उडून जाणारा द्रव) बाहेर पडत असतो. त्यावर घाईनं व्हायनल (स्टिकरची प्लास्टिक फिल्म) चिकटवलं तर फुगे येतात, काढताना क्लिअर कोटही (रंगावरचा पारदर्शक थर) उचलला जातो. नेमका अवधी रंग बनवणाऱ्या कंपनीला विचारा. हवेवर वाळलेल्या रंगाला साधारण ३० दिवस द्यावेत. वक्र पॅनेलवर कास्ट व्हायनलच (ओतून बनवलेली, वळणांवर नीट बसणारी फिल्म) मागा, स्वस्त कॅलेंडर्ड व्हायनल (रोलरमधून दाबून बनवलेलं) आकसून कडा सोडतं.

सही करण्याआधी एक्सक्लुझिव्हिटीचं कलम (दुसऱ्या कंपनीचा माल न वापरण्याची अट) दोनदा वाचा. ‘फक्त सस्पेन्शन’ असेल तर हरकत नाही. ‘सर्व ऑटोमोटिव्ह उत्पादनं’ असेल तर बाकीचे स्पॉन्सर गेलेच म्हणून समजा. करार संपायच्या आत गाडी विकली किंवा ठोकली तर पार्ट परत द्यायचे की त्यांचे पैसे, हेही लिहून घ्या.